सोनेरी बिटं आणि बंद दार

समस्त सज्जनहो, एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतो: ड्रिलचं स्वस्त बिट चकाकीवरून पारखू नये.

काल आदिलाबादजवळच्या मावल्यात नव्या घराच्या ग्रिलला भोक पाडताना जळक्या लोखंडाचा वास आला, आणि मी थेट पंचवीस वर्षं मागे गेलो. भीमपूरला, गणपतअण्णांच्या हार्डवेअर दुकानाच्या लोखंडी दारापुढे. अण्णा आत छाती धरून पडले होते. उठून कडी काढायचं बळ त्यांच्यात नव्हतं, म्हणून त्यांचा भाऊ आणि मी बाहेरून कडीच्या जागी भोक पाडत होतो. बिटं सोनेरी होती, मी अण्णांकडूनच घेतलेली. पहिलं निळं पडलं, धूर निघाला, टोक बोथट झालं. दुसऱ्याचंही तेच. अण्णांच्या भावाने तिसरं कानशीवर घासून पाहिलं. चांगल्या पोलादावरून कानस नुसती घसरते. इथे तिने भुगा पाडला.

"अण्णा, तुमची बिटं टिकून नाही राह्यली!" भाऊ रडत ओरडला.

आतून आलेल्या उत्तराला मी तेव्हा हसलो. शेवटी पहारीने दार उघडलं तेव्हा अण्णा गेलेले होते. त्यांचे शेवटचे शब्द होते, "अरे, माह्या दुकानातली काऊन लावून राह्यले? आदिलाबादहून चांगली आना ना!"