लोखंडाचा म्हातारा

१४ डिसेंबर. सुकट निवडायला बसले आहे. शेजारचे बर्जुबाबा परवा गेले, काल त्यांना माती दिली. त्यांचा मुलगा पीटर उद्या इथून, वेवजीहून, वसईला परतणार. त्याच्या भाकरीसोबत काहीतरी हवं.

बाबांचं पूर्ण नाव बर्जिल्लय. थोरले भाऊ सोम्या आणि बुध्या, जन्मवारावरून. हे शुक्र्याच व्हायचे, पण तोवर घरचे चर्चमध्ये जाऊ लागले होते आणि पाद्रीबाबांनी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, नाव काढलं. इब्री भाषेत त्याचा अर्थ लोखंडाचा. नव्या माणसाला बाबा आधी अर्थ सांगत, मग बसायला खाट देत.

"लोखंड आहे मी, बाय! गंजेन, पण वाकणार नाही," असं म्हणत, आणि खाली पडलेली काठी उचलायला मला हाक मारत.

शास्त्रातल्या बर्जिल्लयाने दावीद राजाला पडत्या काळात खाऊपिऊ घातलं होतं. पुढे राजा म्हणाला, यरुशलेमला चल, तुला सांभाळतो. तो म्हणाला, मी ऐंशीचा झालो, खाल्लेल्याची चव लागत नाही, गाणं ऐकू येत नाही. तुला ओझं कशाला? माझ्याऐवजी या तरुण किम्हामाला ने. चर्चची पायरी न चढलेल्या आमच्या पाड्यालाही ही गोष्ट पाठ होती.

आमच्या बर्जिल्लयाला मात्र चव चांगलीच लागे. दुपारचं जेवण मी देई. लगेच कुंपणापलीकडून आवाज, "बाय, आज मीठ रुसलं काय?" कानही तसेच. ताडीवाल्याची सायकल वळणावर आली की हे पेला घेऊन उभे.

पावसाळ्यात ते विहिरीपाशी घसरून पडले. पीटर गाडी घेऊन आला. "बाबा, आता चलाच." बाबांनी राजाची गोष्ट काढली. चव नाही, कान नाही, ओझं कशाला.

पीटर भडकला. "काकू, तुम्ही सांगा. यांना खरंच चव लागत नसेल तर राहू देत इथेच. नाहीतर आत्ता नेतो."

म्हातारा गेला असता तर माझा रोजचा व्याप सुटला असता.  बाबांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"कसली चव!" मी म्हटलं. "काल डाळीत मीठच नव्हतं. वाटी पुसून खाल्ली."

बाबांचं तोंड उघडलं. अळणी डाळ मुकाट्याने खाल्ल्याचा आळ त्यांना सोसवेना. मी डोळे वटारले, तेव्हा मिटलं.

मग उठून त्यांनी आपला तांबडा कोंबडा गाडीत घातला. "हा किम्हाम. माझ्याऐवजी ने."

सोसायटीतल्या लोकांनी त्याचं पहाटेचं आरवणं आठवडाभरही सोसलं नाही. पीटर त्याला परत सोडून गेला. "बघ," बाबा म्हणाले, "आम्हाला शहर मानवत नाही."

परवा दुपारी माझ्या कालवणाला नावं ठेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. खाट मात्र स्वतःचीच होती.

१५ डिसेंबर. सकाळी पीटरला भाकरी आणि सुकट वाढली. पहिला घास घेऊन तो थांबला.

"काकू, मीठ कमी आहे." मग माझ्याकडे बघतच राहिला. "बाबांना चव लागायची ना?"

"लागायची," मी म्हटलं. मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली आणि किम्हामाला दाणे टाकायला गेले.