कुत्र्याविना मेंढपाळ

मार्चमध्ये माझी बायको वारली. त्या दिवसापासून मी प्रार्थना केली नव्हती, आणि रात्री धड झोपही लागत नव्हती. दिवाळीनंतर सायकलवर शिरूरहून सोलापूरला निघालो. रविवारी प्रवास करायचा नाही, हा तिचा नियम पाळून न्हावऱ्याला थांबलो आणि लिंबाखाली बायबल उघडून बसलो.

शेजारी एक आबा चातीवर लोकर कातत होते. मेंढरं विकून त्यांनी शेती धरली होती, पण हातातली चाती सुटली नव्हती.

"मोठ्यानं वाचा की, मास्तर. मनातलं आमाला कसं कळनार?"

देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र मी वाचलं. सूत न तोडता त्यांनी विचारलं, "तुमच्या देवाकडं कुत्रं हाय का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग झोपत नसंल बिचारा. कुत्र्याबिगर मेंढरं राखायची म्हंजी रातभर जागायचं."

मला हसू आलं. देव जागा असतो, हे लहानपणापासून ऐकलं होतं. त्याच्या जागरणाची कीव करणारा माणूस पहिल्यांदा भेटला. मी तिथंच मान खाली घालून प्रार्थना केली. ती संपेपर्यंत आबांनी चाती थांबवली.

सोमवारी सकाळी मी दौंडकडे निघालो.

आता घरात मी एकटा आहे. रोज प्रार्थना करतो आणि मला झोप लागते.