तांब्याचा फाडलेला आकडा

मी जळकोटचा, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. लिहायला बसलोय हा आगाऊपणा वाटला तर माफ करा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईलासुद्धा नाही.

रसायनाच्या प्रॅक्टिकलला तांब्याचा ऑक्साइड करायचा होता. तांबं कितीही घ्या, त्याच्याशी जुळणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं — वजनानं जवळजवळ चारास एक. पुस्तकात तसंच होतं. मला आलं साडेचार. पुन्हा केलं — पुन्हा साडेचारच! तराजूची काच लावून, श्वास धरून तोललं, तरी तेच. किती चिडावं माणसानं?

शाळेत फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरलं की शाबासकी मिळायची. जर्नलचंही तसंच असेल, असं मला खरंच वाटलं होतं — की वाटून घेतलं? मी ते पान फाडलं. उत्तरापासून उलटं मागं येत वजनं बसवली. सरांची सही मिळाली.

आमच्या टेबलाला तांब्याची एकच बरणी होती — मी आणि मुरुमचा युसुफ, माझा खोलीतला सोबती. त्यालाही साडेचारच आलं. सरांनी माझं जर्नल त्याच्यापुढं धरलं. "तांबं एकच, याला चार येतं. तुझ्यासाठी काय निसर्गानं कायदा बदलला?" पोरं हसली.

"जे तोललं तेच लिवलं, सर."

त्यानं तीनदा केलं. तीनदा तेच. आकडा नीट आल्याशिवाय सही नाही, सही नाही तर परीक्षा नाही. खोलीवर आल्यावर त्यानं विचारलं, "तुझं कसं बराबर आलं रे? दाव की मला."

मी म्हणालो, "तुझा हात हलतो, युसुफ."

माझंही साडेचारच आलं होतं — एवढंच तर म्हणायचं होतं. दोघांचे आकडे जुळलेत म्हटल्यावर सरांनी बरणी पाहिली नसती का? पण मग माझी सही गेली असती. म्हणून गप्प बसलो. दुसरं कारण शोधून पाहिलं — नाही.

परीक्षेआधीच तो गावी गेला. त्याची ट्रंक एसटीवर मीच चढवली.

यंदा त्या टेबलावरच्या सगळ्या नव्या पोरांना साडेचार आलं. सरांनी बरणी तपासली. तांबं आधीच काळवंडलेलं, ऑक्सिजन धरलेलं होतं, म्हणून नवा कमी घेत होतं. सरांनी लगेच मुरुमला पत्र टाकलं, युसुफला परत पाठवा म्हणून. परवा त्याच्या वडिलांचं कार्ड आलं, सरांनी ते मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. मुलगा सोलापूरला गिरणीत कायम झाला. घरात कॉलेजाचं नाव काढलेलं त्याला चालत नाही.