कव्हरमध्ये गळलेलं कडवं

बोईसरच्या कारखान्यात जाता-येता मी फोनवर स्वतंत्र रॉक बँड ऐकू लागलो. पन्नाशीत जडलेलं हे वेड. जुन्या गाण्यांची त्यांनी केलेली कव्हर्स मला फार आवडतात. परवा अशाच एका बँडने गिटारवर गायलेलं आमच्या समाजातल्या लग्नांत म्हणतात ते गाणं सापडलं.

माझी आई धवलेरी होती. आमच्यात भटजीऐवजी धवलेरी बाईच गाणी म्हणून लग्न लावते. मासवणकडची कितीतरी लग्नं तिने लावली. माझ्या लग्नाला मात्र कारखान्यातले लोक येणार म्हणून मी भटजी बोलावला आणि तिला म्हणालो, "तू आज गाऊ नकोस." त्यानंतर ती कुणाच्याच मांडवात गायली नाही.

मी तिला ते कव्हर ऐकवलं. ती चक्क हसली. "बरी गातात पोरं. पन हळदीचं कडवं खाल्लं की रं त्यांनी!"

"तू म्हण ना आई, मी रेकॉर्ड करतो."

तिने दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत अडली. तिच्याबरोबर गाणाऱ्या बायकाही आता राहिल्या नाहीत.

"आई, चुकलं माझं."

"असंल," ती म्हणाली. "पन त्यानं कडवं येतंय का?"