तक्त्यात नसलेला रकाना

सुप्रियाचा फोन आला तेव्हा मी वडप्याच्या गोदामात मालाची मोजणी करत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "ताई, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि फोन तिच्या नवऱ्याने घेतला. तो काय बोलला ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की फोन ठेवल्यावर मी त्या रांगेतली उरलेली चार खोकी मोजली, कागदावर आकडा लिहिला, सही केली आणि मग खाली बसले. सात आठवडे झाले. ती चार खोकी मी का मोजली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही...

जयवंतीकाकी माझी नात्याने कोणी नव्हती. काल्हेरला तिच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहायला आले आणि राहिलेच. तिच्या सासरची खाडीकाठची शेती हळूहळू गोदामांखाली गेली, घर मात्र जुन्याच जागी राहिलं, रस्त्याहून सखल. खाली काकी, तिचा मुलगा आणि सून सुप्रिया. वर मी एकटी. काकीला मोकळं बसवत नसे. सुकट निवडणं, तांदूळ पाखडणं, शेजारणीच्या लग्नाच्या पत्रावळी मोजून देणं, काही ना काही हातात असायचंच. माझ्या हातातल्या वहीची ती थट्टा करायची. मी बाजाराची यादी लिहायला लागले की म्हणायची, "मॅडम, तुझ्या गोदामात उंदरांना पण मुदत बघूनच खाऊ देतेस का गो?"

ज्या पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, त्या वेळी सुप्रियाला सातवा महिना होता. पाणी ओट्यावर आलं तशी ती तिघं माझ्याकडे वर आली. तीन दिवस आम्ही चौघं एका खोलीत होतो. गॅस खाली पाण्यात. काकीने डोक्यावरून तांदळाचा डबा आणि सुकटीची बरणी वाचवून आणली होती, पण शिजवायचं कशावर? माझ्याकडे बिस्किटं, थोडे चणे आणि अर्धा हंडा पाणी निघालं. सुप्रियाच्या डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या गोळ्या खालच्या कपाटात होत्या, त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती उठताना चक्कर येऊन पडली. काकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मालाच्या नोंदी ठेवून आयुष्य काढलेल्या बाईच्या घरात एवढंही कसं नाही... सगळं निभावलं, मुलगी सुखरूप झाली, आता शाळेत जाते. पण ती नजर माझ्या मनातून गेली नाही. त्या तीन दिवसांतच मी काकीला 'अहो'वरून 'अगं'वर आणलं होतं.

पाणी ओसरल्यावर मी तक्ता केला. पुन्हा पाणी शिरलं तर हाताशी असावी अशा झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत काय काय हवं: पाण्याच्या बाटल्या, चणे, गूळ, चिवडा, दुधाची पावडर, मीठसाखरेची पाकिटं, क्लोरिनच्या गोळ्या, टॉर्च. आणि भाजीपाला मिळणार नाही म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या. त्यातच व्हिटॅमिन डीच्या पावडरची पाकिटं. काकीला गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ती एकदा लिहून दिली होती, आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच. तिला बरं वाटलं होतं. मी विचार केला, घरी अडकून पडलो तर उपयोगी पडतील. मोबाइलवर काहीबाही वाचलंही होतं. गल्लीतल्या अकरा घरांनी पेट्या केल्या आणि प्रत्येक झाकणाच्या आत माझा तक्ता चिकटवला. तीन रकाने: वस्तू, नग, मुदत. ही पाकिटं काकीच्या आधीच्या पाकिटांहून वेगळ्या कंपनीची, नाव लांबलचक, रकान्यात मावेना, म्हणून मी लिहिलं 'ताकदीची पावडर'.

गोदामात आमचा नियम असतो, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा. तोच मी पेट्यांना लावला. दर तीन महिन्यांनी सगळ्या पेट्या काकीच्या ओट्यावर यायच्या. मुदत जवळ आलेल्या वस्तूवर मी लाल गोल करायची. लाल गोल म्हणजे या महिन्यात संपवायचं, जागी नवं भरायचं. आणि रिकामं पाकीट दाखवल्याशिवाय मी नोंद खोडायची नाही. बायका हसायच्या. पण तो दिवस सगळ्यांना आवडायचा, कारण जुना चिवडा आणि दुधाच्या पावडरचा चहा तिथेच व्हायचा. काकी तर माझ्याहून कडक झाली. कोणी लाल गोलाचं काही तसंच परत आणलं, की तिचं सुरू, "टाकायचं न्हाय. पाण्यात बसली होतीस तवा काय खाल्लंस, आठव जरा."

फेब्रुवारीत पेट्या उघडल्या तेव्हा ताकदीच्या पावडरीवर लाल गोल आला. बहुतेक घरांतली पाकिटं तशीच पडून होती. मी नवी पाकिटं दिली, जुन्यांवर गोल केला आणि संपवा म्हणून सांगितलं. किती दिवसांनी एक, हे बोलले नाही. मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत होतं ते फक्त मलाच.

बहुतेक बायकांनी ती जुनी पाकिटं नको म्हणून काकीच्या ओटीत टाकली. हे मला नंतर कळलं.

एप्रिलपासून काकीचं जेवण कमी झालं. तोंडाला चव नाही, सारखी तहान, पोट साफ नाही, मधूनच उलटी. मुलाने दवाखान्यात नेलं, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. ऊन फार होतं, आम्ही उन्हावर ढकललं. एका रविवारी मी खाली गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, हातात पाखडायचं सूप तसंच. मी माझ्या सवयीने सूचना दिल्या: मीठसाखरेचं पाणी पी, दुपारी पड, आणि अशक्तपणा आलाय तर पेटीतली ताकदीची पावडर घेत जा.

"घेतंय गो," ती म्हणाली. "रोज घेतंय."

मला बरं वाटलं. 'रोज' हा शब्द माझ्या कानावरून नुसता गेला. मला बरं वाटलं, की काकी माझं ऐकते.

आठ दिवसांनी ती सुप्रियाला ओळखेना, तेव्हा तिला ठाण्याला हलवलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि विचारलं, व्हिटॅमिन डी कोण देतंय यांना? शरीरात कॅल्शियम इतकं वाढलंय, की किडन्या बंद पडत आल्यात. सुप्रिया माझ्याकडे बघायला लागली. मग ती घरी गेली आणि लाडवाचा स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात रिकामी पाकिटं होती, रबर लावून दहादहाचे गठ्ठे केलेले. मी नोंद खोडताना मागेन म्हणून काकीने एकही टाकलं नव्हतं. मी ती मोजली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मोजली.

आठवड्याला एक घ्यायची ती, त्या हळू आवाजात म्हणाल्या. रोज नाही.

चौथ्या दिवशी काकी गेली. मी तेव्हा कामावर होते, कारण सुप्रियाच्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, ताई, तुम्ही आज नका येऊ.

गोदामात माल कोणी खात नाही. म्हणून आमच्या तक्त्यात 'किती खायचं' असा रकाना नसतो. मी तो तक्ता जसाच्या तसा उचलून माणसांच्या घरात लावला. याहून वेगळं स्पष्टीकरण मी स्वतःला देऊ शकलेले नाही. डॉक्टर म्हणाले, वय होतं, आधीची किडनीची तक्रारही असेल. असेल. पण सहा महिन्यांपूर्वी ही बाई डोक्यावर हंडा घेऊन जिना चढत होती.

तेराव्यापर्यंत सुप्रिया माझ्याशी बोलली नाही. समोर आली की नजर खाली. मी घर बदलायची तयारी केली होती. पण दहा घरांत तोच तक्ता अजून झाकणांना चिकटलेला होता आणि हे मनातून जाईना. चौदाव्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, तर ओट्यावर सुप्रिया चप्पल घालत होती. मी येते, म्हणाली. पहिल्या तीन घरांत मी सांगितलं, चूक माझी होती, पाकिटं परत द्या. बायका अवघडल्या, पदराने डोळे पुसू लागल्या. चौथं घर भारतीताईंचं. त्यांनी पाकिटं आणली ती मूठभरच. बाकीची?

"मी पण घेते ना रोज," त्या म्हणाल्या. "काकींनीच सांगितलं होतं, लाल गोल आहे, संपव."

सुप्रियाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. त्याच दुपारी आम्ही दोघींनी भारतीताईंना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. कॅल्शियम वाढलेलं होतं, पण वेळेत सापडलं. पावडर बंद झाली, पाणी भरपूर, दर आठवड्याला तपासणी. आता त्या बऱ्या आहेत. परतताना रिक्षात सुप्रिया पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "आईंना तुम्ही डोस लिहून दिला असता ना ताई, तर त्यांनी तोही पाळला असता. एकसुद्धा जास्त घेतलं नसतं."

मी मान हलवली. खरं होतं ते. त्यात माफी नव्हती आणि मी मागितलीही नाही.

नवा तक्ता आता चार रकान्यांचा आहे. चौथ्यात लिहिलंय: किती, कोणी, कोणाला विचारून. खाली एक ओळ: औषधाची मुदत संपत आली तर खायचं नाही, टाकायचं. तो अकराही घरांत लावला, डॉक्टरांना दाखवून.

गोळा केलेली पाकिटं कचऱ्यात टाकायची भीती वाटली, कोणी उचलून खाईल. म्हणून आम्ही दोघी काकीच्या मोरीत बसलो, एकेक पाकीट कात्रीने कापलं आणि नळ सोडून धुऊन टाकलं. काकीने इतकी वर्षं तांदूळ धुतलेली ती मोरी, तो घासून गुळगुळीत झालेला दगड. पावडर पाण्यात विरघळली तसा गोडसर संत्र्याचा वास पसरला. मी कात्री खाली ठेवली. शेवटचे दोन महिने काकी जवळ येऊन बसली की हाच वास यायचा. मला वाटायचं, नातीच्या खाऊतल्या संत्र्याच्या गोळ्या चघळते...