तपासनिसाने न तपासलेली रायफल

मर्ल कोव्हाचने एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल नापास करण्याची नोकरी केली. लोक घर बांधतात, शेत पिकवतात, पोरं शिकवतात. मर्लने आयुष्यभर 'नाही' म्हटलं आणि त्याबद्दल पगार घेतला. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक दिसला की लाल खडूची फुली. निवृत्तीच्या समारंभात त्याला घड्याळ मिळालं. त्याने ते तिथेच कानाला लावून बघितलं आणि दिवसाला चार सेकंद मागे पडेल असं सांगून टाकलं. ते खरोखर पडायचं. त्यामुळे तर लोक जास्तच वैतागले.

निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून तो आमच्या रायफल क्लबातल्या बंदुका तपासू लागला. ओहायोच्या पूर्वेकडच्या या भागात कुणीही जुनी बंदूक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: "मर्लला दाखवलीस का?" मर्ल खिशातून फिलर गेजचा जुडगा काढायचा. पंख्यासारख्या उघडणाऱ्या त्या पोलादी पात्यांनी तो दोन भागांमधली फट मोजायचा, भिंगातून बघायचा आणि नाक मुरडायचा. त्याचं नाक मुरडणं म्हणजे आमच्याकडे सरकारी शिक्का. फक्त एक माणूस त्याला कधी काही दाखवत नसे, तो म्हणजे वेंडेल लूमिस.

वेंडेलने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली होती. गेली अकरा वर्षं क्लबाची वार्षिक स्पर्धा एक तर तो जिंकायचा, नाही तर मर्ल. बक्षीस काय, तर एक बिडाची कढई. तिच्यासाठी हे दोन सत्तरीतले गृहस्थ वर्षभर एकमेकांशी असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं जमिनीचा तंटा आहे.

"त्याला काय दाखवायचं?" वेंडेल म्हणायचा. "तो देवाच्या दारात गेला तर आधी दाराची बिजागरी बघेल."

हे मर्लच्या कानावर आलं होतं, आणि त्याला ते मनापासून आवडलंही होतं.

ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये शनिवार-रविवार बंदुकांचा मेळा भरला. शेण निघून गेलं होतं, वास राहिला होता. मर्ल नुसता बघायला गेला होता. असं आम्ही सगळेच बायकांना सांगून जातो. तिसऱ्या रांगेत एका लालबुंद दाढीवाल्याच्या टेबलावर ती पडली होती: स्पॅनिश लष्कराने मोडीत काढलेल्या रायफलींचे भाग, त्यांना इथल्या कुठल्याशा कारखान्यात बनवलेला नवा सांगाडा जोडून केलेली, लाकडी दस्त्याची, लष्करी थाटाची. किंमत चारशेला एक डॉलर कमी. अशी रायफल अस्सल घ्यायची तर हजारांच्या गोष्टी. मर्लने ती उचलली.

आता आमच्या मेळ्याचे दोन रिवाज सांगायला हवेत, कारण मर्लचा घात त्यांनीच केला. एक, बंदूक जोवर ज्याच्या हातात आहे तोवर सौदा त्याचा. दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. त्याने खाली ठेवली की मात्र जो उचलेल त्याची. दुसरा, प्रत्येक बंदुकीच्या बोल्टमधून, म्हणजे काडतुसामागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या पोलादी ठोकळ्यातून, प्लॅस्टिकची पट्टी ओवून आवळलेली असते, म्हणजे कुणी भरलेली बंदूक आत आणून अपघात करू नये. बोल्ट उघडून आतलं माप घ्यायचं तर बंदूक दुकानदाराच्या हातात परत द्यायची, मग तो पट्टी कापणार.

मर्ल "जरा पट्टी काप" म्हणणार, तेवढ्यात खांद्यामागून सुक्या गोमांसाचा वास आला. वेंडेल ते सारखा चघळतो. मर्लने मान वळवली नाही. पण त्याच्या मानेला कळलं, की आपण रायफल दाढीवाल्याच्या हातात दिली, त्याने ती कात्री शोधायला टेबलावर ठेवली, की मागचा हात पुढे येणार.

"चांगली आहे का रे?" वेंडेलने विचारलं.

"बघतोय," मर्ल म्हणाला.

त्याने बघितलं म्हणजे काय केलं? दस्त्यावर टिचकी मारली. नळीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं. नेम धरायची पुढची माशी किंचित डावीकडे कललेली दिसली, तर ती स्वतःच्याच चष्म्याच्या माथी मारली. "हं," असं गंभीरपणे म्हणाला. मग ज्या माणसाने कारखान्यात एकदा आठशे बेअरिंगं एका ओरखड्यापायी परत पाठवली होती, त्याने रायफल काखेत घट्ट धरून, दुसऱ्या हाताने फॉर्म भरला, फोनवरची सरकारी चौकशी होईपर्यंत ती तशीच धरून ठेवली आणि पैसे मोजले. खिशात फिलर गेज होता. तो खिशातच राहिला.

घरी आल्यावर मोजायला काय हरकत होती? हरकत अशी, की गाडीतूनच त्याने क्लबातल्या चौघांना फोन करून टाकले होते. माप बरोबर निघालं तर ठीक, पण चुकीचं निघालं तर? मर्लच्या बायकोने, अर्लीनने, स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल बघितली.

"तपासलीस?"

"वरवर."

"वरवर?" अर्लीन म्हणाली. "माझ्या आईने दिलेला काटे-चमच्यांचा संच तू ताणकाट्यावर वजन करून बघितला होतास, मर्ल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्लबात त्याने वीस गोळ्या मारल्या. बोल्ट जरा जड मागे येत होता आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुणीतरी चावल्यासारख्या चेपून बाहेर पडत होत्या, पण नेम बरा लागला. लोकांनी तोंडात बोटं घातली. एवढ्या स्वस्तात! मर्लने घेतली म्हणजे प्रश्नच नाही! मर्लही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला आणि जुन्या लष्करी पोलादाविषयी पंधरा मिनिटं बोलला. त्यातलं निम्मं त्याने तिथल्या तिथे रचलं होतं.

संध्याकाळी वेंडेलचा फोन आला.

"घेतली," तो म्हणाला.

"काय घेतलीस?"

"तुझ्या रायफलीची जुळी बहीण. क्लबातून थेट मेळ्यात गेलो. त्या दाढीवाल्याच्या टेबलाखाली एक उरली होती. येत्या रविवारी स्पर्धेत हिनेच तुला पाणी पाजतो."

"तू तपासून घेतलीस ना?"

"तू बघितल्यावर मी काय बघू? अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझ्यावर भरवसा ठेवलाय, म्हाताऱ्या. चढून जाऊ नकोस."

गुरुवारी सकाळी मर्लने दार लावून घेतलं आणि शेवटी फिलर गेज काढला. बोल्टच्या डोक्यामागची फट मोजली. मापात! त्याला इतका आनंद झाला, की त्याने मोजलेलं पुन्हा मोजलं. मग जित्याची खोड म्हणून भिंग लावलं. बोल्टच्या डोक्याची मागची कड ताजी चमकत होती. बाकी सगळं पोलाद जुनं, काळपट. तेवढीच कड पांढरी, आणि तिच्यावर ग्राइंडरचे बारीक आडवे ओरखडे. जोडणाऱ्याने भाग नीट बसवण्याऐवजी बोल्टच घासून माप जुळवलं होतं. फट खोटी होती. अशा रायफलीत आज ना उद्या पुंगळी फुटते आणि जळता वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो, जिथे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

मर्लला स्वतःच्या चेहऱ्याचं फारसं वाटलं नाही. तो काही कुणी जपून ठेवण्यासारखा नव्हता. त्याला वेंडेल आठवला. वेंडेलचा उजवा डोळा लहानपणी गवताचे भारे बांधताना तारेने गेला. तो डाव्या खांद्याला रायफल लावतो आणि उरलेला एकुलता एक डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर ठेवतो.

फोन उचलायचा आणि सांगायचं, वेंडेल, ती उडवू नकोस. एवढंच. पण त्यावर वेंडेल विचारणार, का? मग सांगावं लागणार, की मी न बघताच घेतली. का नाही बघितलीस? तू मागे उभा होतास म्हणून. हे वाक्य मर्लने मनात बोलून बघितलं आणि त्याचे कान तापले. वेंडेल ते स्पर्धेच्या जेवणात सांगेल. पुढच्या वर्षीही सांगेल. मर्लच्या अंत्यविधीला पाद्र्याच्या आधी उठून सांगेल.

तेव्हा शुक्रवारी दुपारी मर्लने फोन केला तो असा: "रविवारी पाऊस आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"असंच. स्पर्धा पुढे ढकलावी का?"

"ऊन आहे, मर्ल. घाबरलास काय?"

"मी? छे!"

रात्रीच्या जेवणाला अर्लीनला त्याने सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग तिने डोळे पुसले.

"सांग त्याला. हसेल तर हसू दे."

"उद्या जाऊन सांगतो. असं फोनवर बरं दिसत नाही."

शनिवारी तो खरंच गेला. वेंडेलच्या अंगणात खुर्ची टाकून तासभर बसला. टोमॅटोवरची कीड, वेंडेलच्या मेहुणीचा गुडघा, नव्या पुलाचं रखडलेलं काम, सगळ्याची साग्रसंगीत चर्चा झाली. रायफलीचा विषय निघेल असं वाटलं की मर्लच घाईने पुलावर परत यायचा. शेवटी वेंडेलने त्याला पिशवीभर टोमॅटो दिले. मर्ल ते घेऊन घरी आला. अर्लीनने पिशवीकडे बघितलं, मर्लकडे बघितलं आणि टोमॅटो धुवायला घेतले.

रविवार उजाडला, ऊन घेऊनच. चाळीसेक लोक आले होते. मर्लने स्वतःची रायफल गाडीतच ठेवली होती आणि पाठ धरल्याचं निमित्त सांगितलं होतं. त्याला अजून वाटत होतं, की काहीतरी होईल. वेंडेल काडतुसं घरी विसरेल, स्पर्धा घेणाऱ्याला ताप येईल, निदान वीज तरी पडेल. वेंडेलने डाव्या खांद्याला रायफल लावली. गाल दस्त्यावर टेकवला. डोळा बोल्टच्या मागे आणला.

"थांबा!" मर्ल ओरडला.

आमच्याकडे मैदानावर कुणीही थांबा म्हटलं, की सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून मागे व्हायचं. कारण नंतर विचारायचं. सगळे मागे झाले आणि मर्लकडे बघू लागले. मर्ल आयुष्यात खोटं कमी बोलला होता, पण खरं बोलणं इतकं जड असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"ती रायफल उडवू नका. माझी आणि त्याची एकाच बनावटीची. बोल्ट घासलेला आहे. मी..." त्याने घसा खाकरला. "मी ती तपासली नव्हती. वेंडेल मागे उभा होता. खाली ठेवली असती तर त्याने उचलली असती. म्हणून नुसतं 'हं' म्हणालो आणि घेतली."

मग एका जणाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला, मग सगळ्या मैदानाला. "नुसतं 'हं'!" कुणीतरी ओरडलं. "एकतीस वर्षं काय तेवढंच केलंस?" मर्लही हसला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं त्याला. एवढंच होतं तर! एवढ्याचीच भीती होती! त्याने दोन्ही हात पसरून सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला, त्यावर आणखी हशा झाला.

वेंडेल हसत नव्हता. त्याने स्वतःच बोल्ट बाहेर काढला, मर्लच्या हातून भिंग घेतलं आणि डाव्या डोळ्याला लावलं. पांढरी कड त्याला दिसली.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"गुरुवारी."

हसणं एकेक करत थांबलं.

"शुक्रवारी संध्याकाळी मी मागच्या शेतात निघालो होतो. सरावाला," वेंडेल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "रायफल भरली होती. तेवढ्यात मेहुणीची गाडी आली, म्हणून राहिलं. काल तू तासभर माझ्यासमोर बसलास, मर्ल. तू गेल्यावर मी जाणार होतो. दमलो म्हणून नाही गेलो."

मर्लने काहीतरी गमतीचं सुचतंय का बघितलं. माफ कर, एवढे दोन शब्द तोंडातून निघायला त्याला मिनिटभर लागलं, आणि तोवर वेंडेल रायफल पेटीत घालून आपल्या गाडीकडे चालू लागला होता.