चाचांची काळी चार

चाचांच्या गिटारीला मी अठरा वर्षे पेटीची साथ केली. ते स्वतःचीच गाणी गायचे, अर्धी मराठी, अर्धी दखनी, बहुतेक दुरावलेल्या माणसांची. जत्रा असो की उरूस, आम्ही दोघे माझ्या मोटारसायकलवर जायचो. मी मोजणी खात्यातला माणूस. प्रत्येक कार्यक्रम वहीत टिपायचो: गाव, गाणी, पट्टी. चाचांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, ठरलेली होती: पेटीवरची काळी चार. इतक्या उंच सुरात गाणारा आमच्या भागात दुसरा नव्हता.

चाची वारल्या, आणि त्या वर्षापासून चाचांचा वरचा सूर फाटू लागला. मी म्हटलं, "चाचा, पट्टी थोडी उतरवू या."

"मला कबरीत उतरवसाल, तवा पट्टी बी उतरवा, मास्तर!"

गाण्याआधी ते माझ्या पेटीवरून तारा लावायचे. एकदा मी न सांगता अर्धा सूर खालची पांढरी पाच दिली. आवाज मोकळा लागला. पुढच्या वर्षी आणखी खालची काळी तीन दिली. ते खूश होते. वहीत मात्र मला खोटं लिहवेना.

जवळा बाजारला कार्यक्रमाआधी चहा घेताना, मागच्या वेळची गाणी पुन्हा नकोत म्हणून त्यांनी वही मागितली. पान उलटता उलटता थांबले.

"काळी तीन? हे काहून?"

मी कप खाली ठेवला.

"कवापासून?"

"चार वर्षं झाली, चाचा."

"तारा ढिल्या लागून राहिल्या होत्या. मला वाटलं, बोटंच म्हातारी झाली." त्यांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. "आज पेटी बांधलेलीच राहू द्या."

त्यांनी तारा पुन्हा काळी चारपर्यंत ताणल्या आणि ते एकटेच स्टेजवर चढले. दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटला. पुढून कोणीतरी ओरडलं, "चाचा, च्या पिऊन घ्या आधी!" लोक हसले. चाचाही हसले आणि त्याच उंचीवरून पुन्हा सुरू झाले. पुन्हा आवाज फाटला. मी मांडवामागे बांधलेल्या पेटीशेजारी बसून होतो. संपल्यावर ते एसटीने परत गेले.

त्याला दोन वर्षे झाली. त्यांनी मला बोलावलं नाही. घरी मी पेटी उघडतो, पण एकट्याने काय वाजवायचं ते समजत नाही.

गेल्या महिन्यात ते नरसीला गाणार असं कळलं. मी गेलो, गर्दीच्या मागे उभा राहिलो. वरच्या सुराची ओळ आली तसे ते थांबले. "इथं आता आवाज जात न्हाई. तुमीच म्हना."

लोकांना ओळ येत नव्हती. मला येत होती. माझा आवाज ते ओळखतील म्हणून मी तोंड उघडलं नाही. त्या ओळीपुरती नुसती गिटार वाजली.